शिदोरी बांधायची की वाटेवरच्या पंगतीवर चालायचं? नायट्रिक ऑक्साइड सोडणाऱ्या थरांची तुलना

एप्रिलचा दुसरा आठवडा. दुपारी तीनला भाची आली ती चप्पल काढून थेट पंख्याखाली बसली. बाहेर 42 अंश, म्हणजे सोलापूरच्या हिशेबाने उन्हाळा अजून तापायचाच होता. पाणी पिऊन झाल्यावर तिने पिशवीतून तीन शोधनिबंधांच्या प्रिंट काढल्या आणि सतरंजीवर पत्त्यांसारख्या मांडल्या.

"मावशी, यातलं प्रोजेक्टला कुठलं घेऊ? सरांना सोमवारी विषय सांगायचाय."

पहिला निबंध शरीरात घालायच्या नळीचा, जिच्यावर हेपारिन हे रक्त गोठू न देणारं औषध चिकटवलेलं. दुसरा नायट्रिक ऑक्साइडचा साठा पोटात घेऊन तो हळूहळू सोडणाऱ्या सिलिकॉनचा. तिसरा तांबं किंवा सेलेनियम लावलेल्या थराचा. हा थर स्वतः काहीच साठवत नाही, रक्तातूनच तो वायू मोकळा करून घेतो. तिन्हींचा हेतू एकच. परक्या प्लास्टिकला रक्ताने आपलं मानावं, निदान त्याच्यावर गुठळी धरू नये.

मी तिला उलट विचारलं, "नळी शरीरात किती दिवस राहणार?"

"ते अजून ठरवलं नाही."

सगळं इथेच अडलं होतं. कोणता वायू, कोणतं रसायन, कोणती पद्धत ही पुढची बात. आधी मुक्काम किती दिवसांचा ते ठरलं पाहिजे, मग शिदोरी बांधायची की नाही ते ठरतं. एमएस्सी, एमफार्म किंवा एमटेकला हा विषय घ्यावा का अशा विचारात जे असतील, किंवा एखाद्या छोट्या कारखान्यात "आपणही कोटेड कॅथेटर (थर लावलेली नळी) काढू" असं ज्यांच्या डोक्यात घोळत असेल, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी रसायनशास्त्र शिकवते आणि पोरांचे प्रोजेक्ट बघते. डॉक्टर नाही.

रक्ताला काय खुपतं

प्लास्टिकची नळी रक्तात गेली की काही सेकंदांत तिच्यावर प्रथिनं बसतात, त्यात गुठळीला लागणारं फायब्रिनोजेन असतं. त्याच्यावर प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, येऊन चिकटतात, चिकटलेल्या प्लेटलेट इतरांना हाका मारतात आणि गुठळी धरायला लागते. रक्तवाहिनीच्या आतल्या अंगाला हे होत नाही, कारण तिथलं पेशींचं अस्तर अखंड थोडा थोडा नायट्रिक ऑक्साइड सोडत असतं. एल-आर्जिनीन या साध्या अमिनो आम्लापासून तो तिथल्या तिथे तयार होतो आणि प्लेटलेटला शांत ठेवतो.

हे कळलं ते एका चुकीतून. रॉबर्ट फर्चगॉट यांच्या प्रयोगशाळेत सशाच्या महाधमनीच्या पट्ट्या अॅसिटिलकोलीनने कधी सैल पडत, कधी पडत नसत. पट्ट्या कापताना आतलं अस्तर नकळत घासलं गेलं की सैल पडणं थांबतं, असं शेवटी लक्षात आलं. हा निबंध 1980 चा. अस्तरातून सुटणारा तो अज्ञात पदार्थ नायट्रिक ऑक्साइडच आहे, हे पुढे सिद्ध झालं आणि 1998 चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं. ज्याच्या नावाचं पारितोषिक, त्या आल्फ्रेड नोबेलला म्हातारपणी हृदयाच्या दुखण्यावर डॉक्टरांनी नायट्रोग्लिसरीनच लिहून दिलं होतं, आणि तेही शरीरात हाच वायू सोडतं.

या वायूचा दुसरा गुण म्हणजे त्याचं अल्पायुष्य. रक्तात शिरला की हिमोग्लोबिन त्याला काही क्षणांत गिळून टाकतं. नळीच्या पृष्ठभागापुरता तो राखणदार असतो, तिथून सुटला की संपला. अंगात दुसरीकडे रक्तस्राव वाढवण्याइतकं त्याला आयुष्यच नाही. हेपारिनची सुई घेतलेल्या रुग्णाबद्दल असं म्हणता येत नाही. शिवाय पुरेशा प्रमाणात असला तर तो जिवाणूंनाही नळीवर घर करू देत नाही. गुठळी आणि संसर्ग या दोन्ही दुखण्यांना एकच औषध, म्हणून गेली पंचवीस-तीस वर्षं लोक याच्या मागे लागले आहेत.

पहिला पर्याय: हेपारिन

जुनं, ओळखीचं, बाजारात असलेलं. जय मॅक्लीन या विद्यार्थ्याने 1916 मध्ये कुत्र्याच्या यकृतातून रक्त गोठू न देणारा अंश वेगळा केला, त्या कामातून हेपारिन पुढे आलं. आज ते मुख्यतः डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढतात. पृष्ठभागावर त्याची साखळी एका टोकाने बांधायची आणि दुसरं टोक रक्तात हलतं ठेवायचं, ही युक्ती 1980 च्या दशकात बसली. हृदयशस्त्रक्रियेच्या यंत्रांतल्या नळ्यांना असे थर आजही लावतात.

भाचीच्या दृष्टीने याची जमेची बाजू अशी की हा साठा संपत नाही. बांधलेलं हेपारिन खर्च होत नसतं. ते अँटिथ्रॉम्बिनला, म्हणजे गोठणं रोखणाऱ्या रक्तातल्या प्रथिनाला, पकडून कामाला लावतं आणि पुन्हा मोकळं होतं. पण ते गोठण्याच्या साखळीवर काम करतं, प्लेटलेटला फारसं आवरत नाही आणि जिवाणूंचं त्याला काहीच घेणंदेणं नाही. काही रुग्णांत हेपारिनमुळेच प्लेटलेट धडाधड कमी होतात, उलट गुठळ्या धरतात. मूळ प्राणिजन्य असल्याची किंमतही आहेच: 2008 मध्ये अति-सल्फेट केलेल्या कॉन्ड्रॉइटिनची भेसळ असलेलं हेपारिन बाजारात आलं आणि अमेरिकेत रुग्ण दगावले.

प्रोजेक्टसाठी? सुरक्षित आहे, पण शिळं. परीक्षक पहिला प्रश्न विचारतील, "यात नवं काय?" नव्या थराशी तुलना करायला सोबत ठेवावं, मुख्य विषय म्हणून घेऊ नये.

दुसरा पर्याय: शिदोरी बांधलेला थर

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते खरी मजा इथेच आहे.

नायट्रिक ऑक्साइड वायू म्हणून प्लास्टिकमध्ये भरून ठेवता येत नाही. म्हणून तो ज्याच्या कुशीत बांधलेला आहे असा रेणू थरात मिसळतात. त्याला डोनर म्हणतात. कामाची घराणी दोन.

एक, डायाझेनियमडायोलेट. प्रयोगशाळेच्या बोलीत नोनोएट. यातल्या एका रेणूतून वायूचे दोन रेणू मिळतात, आणि पाणी व आम्लता भेटली की तो सुटायला लागतो. हा रेणू कोणत्या अमाइनपासून (नायट्रोजन असलेलं सेंद्रिय संयुग) केला त्यावर वेग ठरतो. प्रोलीनपासून केलेला दोन सेकंदांत अर्धा संपतो. डायइथिलिनट्रायअमाइनचा शरीराच्या तापमानाला अर्धा व्हायला वीसेक तास घेतो. अडचणी दोन. वायू निघून गेला की मागे राहिलेला अमाइन थरातली आम्लता मारतो, मग सुटणंच मंदावतं. त्यावर तोडगा म्हणून मिशिगन विद्यापीठातल्या मार्क मेयरहॉफ यांच्या गटाने थरात पीएलजीए हे विरघळत जाणारं पॉलिमर घातलं. ते झिजताना आम्ल सोडतं आणि गाडी चालू राहते. दुसरी अडचण जास्त जड आहे. अमाइन आणि नायट्रिक ऑक्साइडची उत्पादनं एकत्र आली की नायट्रोसअमाइन होण्याची शक्यता असते, आणि ते कर्करोगकारक म्हणून बदनाम आहेत. रेणू थराला पक्का बांधला किंवा पाण्यात न जाणारा तेलकट निवडला तर धोका आटोक्यात राहतो, पण प्रबंधात या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं.

दुसरं घराणं एस-नायट्रोसोथायोल. यातले दोघे नेहमीचे: ग्लुटाथायोनपासूनचा जीएसएनओ आणि पेनिसिलअमाइनपासूनचा स्नॅप. जीएसएनओ गुलाबी, स्नॅप हिरवा. हे उष्णतेने, उजेडाने आणि तांब्याच्या आयनाने फुटतात, आणि मागे गंधकाची जोडी उरते. स्नॅपच्या बाबतीत उरणारा पदार्थ औषधशास्त्राला अनोळखी नाही. पेनिसिलअमाइन विल्सनच्या आजारात तांबं काढायला वापरतातच. स्नॅप मिसळलेल्या पॉलियुरेथेन-सिलिकॉन प्रकारच्या नळ्या मेंढ्यांच्या शिरेत 7 दिवस ठेवून गुठळी आणि जिवाणू दोन्ही कमी झाल्याचं एलिझाबेथ ब्रिसबॉय यांच्या 2015 च्या कामात दिसतं.

स्नॅप बनवण्याची कृती मी पहिल्यांदा वाचली तेव्हा हसूच आलं. सोडियम नायट्राइट, आम्ल आणि बर्फ. माझ्या वडिलांचं सोलापूरच्या पूर्व भागात सूत रंगवायचं छोटं डाइंग होतं. नॅप्थॉलचा लाल रंग करायचा तर सूत आधी नॅप्थॉलमध्ये बुडवून पिळायचं, आणि दुसऱ्या टाकीत बेस (रंगाचा दुसरा अर्धा भाग) फोडायचा तो सोडियम नायट्राइट, आम्ल आणि बर्फ घालूनच. बर्फाची लादी पोत्यात घालून दंडुक्याने फोडायचं काम माझं. बर्फ कमी पडला की टाकीवर तपकिरी धूर धरायचा, नाकात झणका बसायचा आणि वडील ओरडायचे, "मेला रंग!" तो धूर नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा. ज्या घराण्याच्या वाफेने आम्ही शेडबाहेर पळायचो, त्यातलाच एक भाऊ रक्तवाहिनीत पहारा देतो, हे समजायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

आता हिशेब. निरोगी अस्तर दर चौरस सेंटीमीटरला मिनिटाला साधारण 0.5 ते 4 × 10⁻¹⁰ मोल वायू सोडतं, असा आकडा या क्षेत्रात सगळे धरतात. आपण 1 × 10⁻¹⁰ धरू. दिवसाचे 1440 मिनिटं, म्हणजे 1.44 × 10⁻⁷ मोल. स्नॅपचा रेणुभार 220, आणि एका रेणूतून वायूचा एकच रेणू. तेव्हा दिवसाला प्रत्येक चौरस सेंटीमीटरमागे सुमारे 0.032 मिलिग्रॅम स्नॅप खर्च.

सात दिवसांना 0.22 मिलिग्रॅम. महिन्याला 0.95. वर्षाला साडेअकरा.

थर 100 मायक्रॉन जाडीचा धरला तर चौरस सेंटीमीटरमागे त्याचं स्वतःचं वजनच 11 मिलिग्रॅमच्या आसपास भरतं. त्यात दहा टक्के स्नॅप घातला, तर सगळं आदर्श चाललं तरी शिदोरी महिनाभराची. वर्षभर पुरवायची तर थर म्हणजे निव्वळ स्नॅपच हवा, पॉलिमरला जागाच नाही! आणि आदर्श कधी चालत नाही. पहिल्या दिवशी भस्सकन वायू सुटतो, काही डोनर नुसताच धुऊन जातो. सोलापुरी चादर पहिल्या धुण्यात बादलीभर रंग सोडते, तसंच.

म्हणून या पर्यायाचं गणित दिवसांत आणि फार तर काही आठवड्यांत बसतं. कडक भाकरी आणि शेंगा चटणी बांधून घेतली की आठवडाभराच्या प्रवासाला निवांत निघता येतं. वर्षभराच्या वनवासाला नाही.

साठवणीचंही बघा. एका वर्षी मे महिन्यात आम्ही बाहेरून स्नॅप मागवला होता. पार्सल कुठल्याशा गोदामात दोन दिवस पडून राहिलं. हातात आलं तेव्हा आतला बर्फाचा जेलपॅक कोमट, आणि बाटलीत हिरव्या स्फटिकांऐवजी कडेला फिकट पोपटी, मध्ये जवळजवळ पांढरी पूड. ज्यांनी पाठवलं ते म्हणाले वाटेत झालं, ज्यांनी आणलं ते म्हणाले पॅकिंग कच्चं. पैसे गेले ते गेले. तेव्हापासून माझा नियम: मार्च ते जून स्नॅप मागवायचा नाही. कच्चा माल मागवावा आणि बर्फावर स्वतः बनवावा, आणि बनवलेला उणे 20 अंशांत, काळ्या कागदात. कारखान्याचा विचार करणाऱ्यांनी हीच गोष्ट मोठी करून बघावी. इथिलीन ऑक्साइडने निर्जंतुक करताना उष्णता आणि दमटपणा लागतो. त्यातून निघून, मग ट्रकमधून, मग एखाद्या तालुक्याच्या औषध दुकानाच्या माळ्यावर महिने काढून नळीत किती वायू उरला, हा प्रश्न रसायनाइतकाच मोठा आहे.

तिसरा पर्याय: वाटेवरच्या पंगतीवर

पंढरपूरच्या वाटेने चालणारा वारकरी सगळं जेवण पाठीवर घेऊन निघत नाही. गावोगावी पंगती असतात. तिसरा थर असाच. रक्तात नैसर्गिकरीत्या थोडे एस-नायट्रोसोथायोल फिरत असतात. थरातलं तांबं किंवा सेलेनियम त्यांना फोडून जागच्या जागी वायू मोकळा करतं. उत्प्रेरक खर्च होत नाही, म्हणून कागदावर तरी हा थर वर्षानुवर्षं चालावा. स्टेंटसाठी, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या धातूच्या जाळीसाठी, हाच रस्ता, कारण स्टेंट जन्मभर आत राहतो आणि मघाच्या हिशेबाने तिथे शिदोरी पुरत नाही. शिवाय नायट्रिक ऑक्साइड स्नायुपेशींची अवाजवी वाढ रोखतो, जी स्टेंट पुन्हा चोंदण्याचं एक कारण आहे. चेंगडूच्या साउथवेस्ट जिआओतोंग विद्यापीठात नान हुआंग आणि झीलू यांग यांच्या गटाने शिंपल्याच्या गोंदासारख्या डोपामाइनच्या थरात सेलेनोसिस्टामीन गुंफून धातूवर बसवण्याचं बरंच काम केलं आहे.

पण पंगत कोण घालणार, हा प्रश्न राहतोच. रक्तातल्या या नायट्रोसोथायोलांचं प्रमाण किती, यावर संशोधकांचे आकडे नॅनोमोलरपासून मायक्रोमोलरपर्यंत, म्हणजे हजारपटीत, पसरले आहेत. माणसागणिक, आजारागणिक ते बदलतं. ज्याच्या रक्तवाहिन्या आधीच बिघडल्या आहेत त्याला स्टेंट लागतो, आणि त्याच्याच रक्तात वाटेवरची पंगत तोकडी असण्याची भीती. तांबं झिरपलं तर पेशींना विषारी, सेलेनियमचंही अति झालं की तेच. वर प्रथिनांचा थर बसला की उत्प्रेरक झाकला जातो.

भाचीला मी यापासून लांब राहायला सांगितलं. विषय वाईट म्हणून नव्हे. परीक्षानळीत जीएसएनओ बाहेरून घालून सुंदर आलेख काढता येतात, आणि ते आलेख खऱ्या रक्ताबद्दल फार थोडं सांगतात. पीएचडीला चार-पाच वर्षं हाताशी असतील, प्राण्यांवरच्या प्रयोगांची परवानगी असलेली संस्था पाठीशी असेल, तर मात्र मी हाच निवडीन. सोलापूर-कोल्हापूर भागात भौतिकशास्त्रात थिन फिल्म करणारी माणसं भरपूर. धातूवर पातळ, एकसारखा थर बसवण्याची त्यांची कला इथे नेमकी कामी येईल.

बाकीचे पर्याय थोडक्यात. नळीच्या एका पोकळीत नायट्राइटचं द्रावण ठेवून तांब्याच्या संयुगाच्या मदतीने विजेने वायू बनवायचा, हवा तेव्हा चालू, हवा तेव्हा बंद. कल्पना देखणी, पण नळीला वायर आणि डबा आला. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हेही शरीर स्वतः थोडे बनवतं, म्हणून त्यांचे डोनरही लोकांनी करून पाहिले. कार्बन मोनॉक्साइडच्या नेहमीच्या डोनरांत रुथेनियम असतं, त्याचं शरीरात पुढे काय करायचं? आणि हायड्रोजन सल्फाइडवर काम करणाऱ्याच्या शेजारी कोणी डबा खायला बसत नाही. प्लेटलेट आवरण्यात दोघेही नायट्रिक ऑक्साइडच्या मागेच. पॉलिइथिलीन ग्लायकॉल किंवा फॉस्फोरिलकोलीनचे घसरडे थर ही वायू नसलेली वाट. काहीच सोडायचं नाही, काही चिकटूच द्यायचं नाही. ती एकटी अपुरी पडते, पण डोनरच्या थरावर पांघरूण म्हणून चांगली.

मोजणार कशाने?

विषय निवडताना हा प्रश्न शेवटी येतो, यायला पाहिजे पहिला. नायट्रिक ऑक्साइड मोजायचा सोनाराचा काटा म्हणजे केमिल्युमिनेसन्स विश्लेषक: वायू ओझोनला भेटला की उजेड पडतो, तो उजेड मोजायचा. क्षणाक्षणाचा वेग मिळतो. यंत्र महाग, प्रत्येक विद्यापीठात असेलच असं नाही.

गरिबाचा पर्याय ग्रीसची चाचणी. वायू पाण्यात ऑक्सिजनला भेटून नायट्राइट होतो. सल्फानिलअमाइड आणि नॅप्थाइलइथिलिनडायअमाइन घातलं की किरमिजी रंग येतो, तो 540 नॅनोमीटरला वाचायचा. रंग वाचणारं यंत्र, स्पेक्ट्रोफोटोमीटर, आपल्या सगळ्या कॉलेजांत आहे. आणि तो किरमिजी रंग म्हणजे काय? अॅझो रंग! योहान पीटर ग्रीस याने डायाझो रसायन 1858 मध्ये शोधलं, त्यावरूनच अॅझो रंगांचा अख्खा धंदा उभा राहिला. ही नायट्राइटची चाचणी त्याने 1879 मध्ये दिली, तेव्हा तो इंग्लंडमधल्या एका दारूभट्टीत रसायनतज्ज्ञ होता. वडिलांच्या टाकीत सुतावर जे घडायचं तेच इथे क्युव्हेटमध्ये, म्हणजे त्या यंत्राच्या छोट्या पारदर्शक भांड्यात, घडतं.

ग्रीसचे खड्डे सांगून ठेवते. ती एकूण साचलेलं नायट्राइट सांगते, त्या क्षणाचा वेग नव्हे. म्हणून ठरलेल्या वेळी द्रावण बदलत राहायचं आणि फरकावरून वेग काढायचा. थरातून धुऊन आलेला स्नॅप नंतर द्रावणात फुटला तरी तोही थराच्या खात्यावर जमा होतो. तेव्हा त्याच नमुन्याचं 340 नॅनोमीटरला वाचन घेऊन किती स्नॅप निसटला ते वेगळं काढावं. द्रावणात थोडं ईडीटीए (धातूचे आयन पकडून ठेवणारं संयुग) घालावं, नाहीतर पाण्यातलं लेशमात्र तांबंही डोनर फोडत बसतं. आणि सगळं अंधारात, 37 अंशांना. खिडकीजवळच्या टेबलावर ठेवलेल्या नमुन्याने आमच्या एका मुलाला "विक्रमी" आकडे दिले होते. वायू सोडत होतं ते सोलापूरचं ऊन.

रक्तावरची चाचणी करायची तर आयएसओ 10993 या वैद्यकीय उपकरणांच्या सुरक्षा-चाचण्यांच्या मानक मालिकेतला चौथा भाग वाचून घ्यावा, पेशींवरच्या विषारीपणासाठी पाचवा. नैतिक समितीची मंजुरी आधी. कारखानावाल्यांनी हेही लक्षात ठेवावं की 1 जानेवारी 2018 पासून लागू झालेल्या वैद्यकीय उपकरण नियमांत जोखमीप्रमाणे अ ते ड असे चार वर्ग आहेत आणि क व ड वर्गाचे परवाने राज्य नव्हे, केंद्रीय यंत्रणा देते. साध्या नळीत औषधी क्रियेचा रेणू घातला की ती नळी साधी राहत नाही.

कोणत्या उपकरणाला काय

तासांचं काम असेल, म्हणजे बायपासची नळी वगैरे, तर डोनर आरामात पुरतो. सशांवरच्या चार तासांच्या प्रयोगांत अंगात हेपारिन न देताही प्लेटलेट टिकल्याचं दिसलं आहे. पण बांधलेलं हेपारिन तिथे आधीच मांडी ठोकून बसलंय, त्याला उठवणं अवघड. काही दिवस ते दोन आठवडे, म्हणजे अतिदक्षता विभागातली शिरेतली नळी किंवा लघवीची नळी, हे डोनरचं खरं शेत. लघवीच्या नळीत तर प्लेटलेटचा प्रश्नच नाही, फक्त जिवाणू. चाचण्या सोप्या, खर्च कमी. महिने आणि वर्षं म्हटलं की उत्प्रेरक, किंवा उत्प्रेरक आणि हेपारिन एकत्र.

डायलिसिसची नळी मधेच लोंबकळते. आमच्या शेजारच्या काकांच्या मानेत परमकॅथ ही डायलिसिसची नळी होती, हातातला फिस्टुला (शीर धमनीला जोडून केलेला रस्ता) तयार होईपर्यंत. दर वेळी डायलिसिस संपलं की टेक्निशियन दोन्ही पोकळ्यांत हेपारिन भरून टोपणं लावायचा; "लॉक केलं" म्हणायचा. हा लॉकच आज थराचा मोठा स्पर्धक आहे. टॉरोलिडीन (जंतू मारणारं औषध) आणि हेपारिनच्या लॉकला अमेरिकेत नोव्हेंबर 2023 मध्ये मान्यता मिळाली. नुसत्या हेपारिनशी तुलना करता रक्तातला संसर्ग 71 टक्क्यांनी कमी झाला होता. नळीत काहीही न बदलता, प्रत्येक वेळी ताजा भरता येणारा साठा! वायूच्या थराला याच्यापेक्षा चांगलं काही करून दाखवावं लागेल.

काकांच्या मुलाने हे ऐकून मला विचारलं होतं, "ताई, ती वायूवाली नळी कुठे मिळते?" दवाखान्यात मागून मिळेल अशी वायू सोडणारी रक्तातली नळी नाही. रुग्णाच्या घरच्यांनी आज नेफ्रॉलॉजिस्टला विचारायचं ते फिस्टुला कधी तयार होईल आणि नळी कधी निघेल. आपल्या शिरेचा, आपल्याच अस्तराचा रस्ता 1966 पासून वापरात आहे आणि या लेखातल्या सगळ्या थरांपेक्षा सरस आहे.

नायट्रिक ऑक्साइड सोडणारं पॉलिमर बाजारात आलं ते भलत्याच दाराने. बर्डाझिमर हे नोनोएट घराण्यातलं औषध जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेत मान्य झालं, मोलस्कम या त्वचेवरच्या विषाणूजन्य पुटकुळ्यांसाठी. दोन ट्यूब येतात. दोन्हींतलं जेल सारखं घेऊन लावायच्या वेळी मिसळायचं, मग वायू सुटतो. साठवणीचा तिढा त्यांनी असा सोडवला की शिदोरी उघडायची चावीच वेगळ्या ट्यूबमध्ये ठेवली. नळीच्या बाबतीत अशी चावी कोणाला सुचली तर मला जरूर कळवा.

आणि वायू चांगला म्हणून निकाल चांगलाच येईल असं धरू नये. लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेत बायपास यंत्राच्या ऑक्सिजनमध्ये नायट्रिक ऑक्साइड मिसळून तेराशेहून जास्त मुलांवर मोठी चाचणी झाली, 2022 मध्ये निकाल आला: व्हेंटिलेटरविना दिवसांत लक्षणीय फरक नाही. तिथे थर नव्हता, वायू थेट होता, म्हणून तुलना जशीच्या तशी लागू होत नाही. तरी भाचीच्या प्रस्तावनेत हा निबंध यायलाच हवा असं मी तिला सांगितलं. तिने तोंड वाकडं केलं, पण लिहून घेतलं.

सोमवारी तिने विषय दिला: सिलिकॉनची लघवीची नळी, टेट्राहायड्रोफ्युरानमध्ये फुगवून आत मुरवलेला स्नॅप, सात दिवसांची मोजणी, ग्रीस आणि 340 नॅनोमीटर दोन्ही, तुलनेला कोरी नळी. सरांनी एकच विचारलं, स्नॅप ठेवणार कुठे? विभागाच्या डीप फ्रीजरमध्ये तिला अर्धा कप्पा मिळालाय. उरलेल्या अर्ध्यात कुणाचे तरी 2019 पासूनचे नमुने आहेत, त्यांना हात लावायचा नाही असं बजावलंय.